न मोजता दिलेले निकाल

जुनी इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतोय, असं चारचौघांत नुसतं बोलून बघा. निम्मे लोक लगेच सांगतील, ‘‘अजिबात घेऊ नकोस. बॅटरी गेली की गाडी भंगारात. जुनी घ्यायची तर पेट्रोलचीच घे.’’ उरलेले निम्मे, आणि त्यांत खरेदी-विक्री करणारे एजंट सगळ्यांत पुढे, म्हणतील, ‘‘बिनधास्त घे. इंजिन नाही, क्लच नाही, ऑइल नाही. बिघडायला आहेच काय? किलोमीटर बघ, एक चक्कर मार, टोकन दे.’’

ही दोन मतं वरवर एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मला ती एकच वाटतात. बॅटरीच्या आत काय चाललंय ते कुणाला कळणं शक्य नाही, असं दोघांनीही धरून ठेवलेलं आहे. मग एकाने भिऊन लांब राहायचं आणि दुसऱ्याने देवावर हवाला ठेवून पैसे मोजायचे, एवढाच काय तो फरक. पण हे धरून चालणंच चुकीचं आहे. बॅटरी किती उरली आहे हे मोजता येतं. घरच्या प्लगवर, दीड-दोन हजारांच्या आत मिळणाऱ्या मीटरने, एका रात्रीत मोजता येतं. तरीही ते न मोजता ठाम निकाल देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्या निकालाची किंमत ते स्वतः देत नाहीत. ती देतो वाघोलीहून रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा कामगार, किंवा दिवसभर पार्सलं पोचवणारा पोरगा. त्याच्याकडे नव्या गाडीचे पैसे नसतात आणि पेट्रोलचा रोजचा खर्च त्याला पेलत नाही. पहिल्या मताने घाबरला तर तो चांगली गाडी हातची घालवतो. दुसऱ्या मताला भुलला तर वाईट गाडी घरी आणतो.

आधी भीती घालणाऱ्यांचं बघू. त्यांचा आवडता दाखला मोबाईलचा. जुना मोबाईल जसा दोन वर्षांत दुपारीच मान टाकतो, तशीच ही गाडी, असं ते सांगतात. ऐकायला पटतं, पण हिशेब करून बघितलाय का कुणी? मोबाईल आपण जवळजवळ रोज पूर्ण चार्ज करतो. म्हणजे दोन वर्षांत त्याच्या बॅटरीची सातशेच्या आसपास आवर्तनं होतात. एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर जाणारी मोटरसायकल रोज तीस किलोमीटर चालली, तर वर्षाला अकरा हजार किलोमीटर होतात. म्हणजे शंभर-एकशेदहा पूर्ण आवर्तनं. मोबाईल दोन वर्षांत जेवढं सोसतो तेवढं सोसायला या गाडीला सहा-सात वर्षं लागतील. चांगल्या प्रतीच्या लिथियम पेशी हजाराच्या आसपास आवर्तनं सोसतात आणि त्यानंतरही त्या मरत नाहीत. त्यांची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, प्रकारच्या पेशी तर याहून बऱ्याच जास्त टिकतात. बॅटरी म्हातारी होते, हे कोण नाकारतंय? पण शंभर किलोमीटर जाणारी गाडी ऐंशी जायला लागली, तर रोज तीस किलोमीटर जाणाऱ्याचं अडलं कुठे? त्याने फक्त किंमत ऐंशीच्या हिशेबाने द्यायची.

आणि बॅटरी खरोखरच तीन वर्षांत मरणारी वस्तू असती, तर कंपन्यांनी तिची हमी आठ वर्षांवर कशाला नेली असती? एथर कंपनीने २०२४ च्या अखेरीस आठ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटरची वाढीव वॉरंटी आणली, आणि तीत बॅटरीची क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर जबाबदारी घेतली. ती योजना स्कूटरसाठी आहे आणि तिचे जादा पैसे पडतात, पण पेशींचं विज्ञान स्कूटरला एक आणि मोटरसायकलला दुसरं नसतं.

आता बिनधास्त घ्या म्हणणाऱ्यांकडे येतो. यांच्यावर माझा राग जास्त आहे, कारण भीती घालणारा निदान तुमचे पैसे तुमच्या खिशात ठेवतो.

‘चक्कर मारून बघा, पिकअप बघा,’ हा त्यांचा पहिला सल्ला. पेट्रोलच्या गाडीत या सल्ल्याला अर्थ आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, कॉम्प्रेशन गेलं, तर गाडी ओढत नाही, धूर सोडते, आवाज करते. इलेक्ट्रिक गाडीत मात्र बॅटरीची क्षमता तीस टक्क्यांनी घटलेली असली तरी पूर्ण चार्ज केल्यावर पहिल्या दोन किलोमीटरना गाडी जवळपास नव्यासारखीच सुटते. गेलेली असते ती रेंज, आणि रेंज दोन किलोमीटरच्या चकरेत दिसत नाही. म्हणून तर विकणारा चकरेचा आग्रह धरतो आणि गाडी नेहमी शंभर टक्के चार्ज करून ठेवतो. शंभरावर असलेली गाडी दाखवली तर पहिली गोष्ट ही सांगा, की ‘‘वीस टक्क्यांवर आणून ठेवा, मग येतो.’’

वीस टक्क्यांवर का, ते सांगतो. इलेक्ट्रिक गाडीची सगळ्यांत खरी चाचणी गाडी चालवताना होत नाही, चार्ज करताना होते. भिंतीतला प्लग आणि गाडीचा चार्जर यांच्यामध्ये एक लहानसा वीज मोजणारा मीटर लावायचा. वीस टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत किती युनिट गेली ते वाचायचं. चार्जर गरम होतो, त्यात दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते, तेवढी वजा करायची. उरलेली वीज बॅटरीत गेली. ती ऐंशी टक्के भरायला लागलेली वीज, म्हणून तिला ०.८ ने भागलं की आजची पूर्ण क्षमता मिळते. सातवी-आठवीतलं गणित आहे हे.

माझ्या ओळखीच्या एका मुलाला एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आवडल्या होत्या, दोन्हींची बॅटरी नवी असताना साडेतीन युनिटांची. एक नऊ हजार किलोमीटर चाललेली, चकचकीत, सीटवर अजून प्लास्टिक. दुसरी एकतीस हजार चाललेली, टाकीवर चरे, फूटरेस्टचं रबर झिजलेलं. घरातले सगळे पहिलीच्या बाजूने. आम्ही दोन्ही गाड्या मीटरवर लावल्या. चकचकीत गाडीने वीस ते शंभर या प्रवासात २.३ युनिट घेतली. बारा टक्के नासाडी धरली तर बॅटरीत गेली दोन युनिट, म्हणजे पूर्ण क्षमता अडीच युनिट: मूळच्या साधारण ७२ टक्के. चरे पडलेल्या गाडीने घेतली २.९ युनिट. तिची क्षमता निघाली ३.२ युनिट, म्हणजे नव्वदच्या वर. मग चौकशी केली तेव्हा कळलं, की पहिलीचा मालक परदेशी गेला होता आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली, बॅटरी पार उतरलेल्या अवस्थेत दीडेक वर्ष उभी होती. दुसरीचा मालक रोज कामावर जायचा आणि रात्री नेमाने चार्जिंगला लावायचा.

किलोमीटर बघून गाडी घ्या म्हणणाऱ्यांनी याचं काय उत्तर द्यायचं? लिथियम पेशी वापराने झिजतात तशा नुसत्या पडूनही झिजतात, आणि पार उतरवून किंवा गच्च भरून उन्हात ठेवल्या तर जास्तच झिजतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचं ओडोमीटर तुम्हाला यातलं काही सांगणार नाही. ‘फक्त पाच हजार चाललीय’ हे वाक्य ऐकलं की मी पुढचा प्रश्न विचारतो: ‘‘मग बाकीचे दिवस ती कुठे उभी होती आणि किती टक्क्यांवर?’’ याचं सरळ उत्तर फार थोडे विक्रेते देतात.

एक आक्षेप इथे जाणकार लोक घेतात आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. कंपनी बॅटरीची जी क्षमता छापते ती सगळी वापरायला देतेच असं नाही. काही भाग पेशींच्या बचावासाठी राखून ठेवते. त्यामुळे छापील आकड्याशी तुलना केली तर चांगली बॅटरीही थोडी कमी दिसेल. बरोबर आहे. म्हणूनच त्याच मॉडेलच्या नव्या किंवा वर्षभराच्या आतल्या गाडीवर तीच चाचणी झाली असेल तर तिच्याशी ताडून बघा. त्या मॉडेलचे मालक एकमेकांना असे आकडे आनंदाने सांगतात. पण या आक्षेपाचा अर्थ ‘मोजू नका’ असा कसा होतो? पाच टक्के इकडे-तिकडे होतील म्हणून पंचवीस टक्क्यांची फसवणूक पचवायची का?

रेंजच्या बाबतीतही हाच आळस. ‘कंपनी दीडशे सांगते, ही ऐंशीच जाते, म्हणजे बॅटरी गेली,’ असं एक जण म्हणतो. ‘कंपनी दीडशे सांगते म्हणजे एकशेवीस तरी जाईलच,’ असं दुसरा. दोघांनीही दीडशे हा आकडा कसा येतो ते पाहिलेलं नाही. रिव्होल्टची आरव्ही४०० ही गाडी २०१९ मध्ये दिल्ली आणि पुण्यात पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या ३.२४ युनिटांच्या बॅटरीवर दीडशे किलोमीटरचा दावा होता. पण तो इको मोडचा, आणि इको मोडमध्ये ती गाडी ताशी ४५ किलोमीटरच्या वर जातच नव्हती. स्पोर्ट मोडमध्ये, जिथे ती ८५ पर्यंत पळते, कंपनीचाच दावा ऐंशीचा होता. म्हणजे नवी गाडीसुद्धा चालवणाऱ्याच्या मनगटाप्रमाणे ऐंशी किंवा दीडशे जाते. तेव्हा ‘किती जाते?’ असं मोघम विचारू नका. कोणत्या मोडमध्ये, किती वेगाने, मागे कुणी बसलेलं असताना की एकट्याने, हे धरून विचारा. आणि शक्यतो स्वतःच्या रोजच्या रस्त्यावर, स्वतःच्या वेगाने वीस-पंचवीस किलोमीटर चालवून किती टक्के उतरले ते लिहून ठेवा.

शिवाय एक चढ हवाच. पुण्यात असाल तर बोपदेव घाट, नाहीतर दिवे घाट. मागे एक माणूस बसवा आणि बॅटरी तीस टक्क्यांच्या आसपास असताना चढा. बॅटरी आतून पेशींच्या गटांची बनलेली असते. ७२ व्होल्टच्या पॅकमध्ये असे साधारण वीस गट एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक गट जरी कमजोर असला तरी बाकीच्यांच्या ताकदीचा उपयोग होत नाही, कारण तो एक गट खालच्या मर्यादेला पोचला की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, सगळा पुरवठाच तोडतं. सपाट रस्त्यावर हा दोष लपून राहतो. घाटात जोर पडला की अठ्ठावीसचे एकदम चौदा होतात, किंवा गाडी मधेच मान टाकते आणि पाच मिनिटं थांबून परत सुरू केली की जणू काही झालंच नाही. चढावर टक्के थोडे लवकर उतरणं साहजिक आहे. धाडकन कोसळणं नाही. असं दिसलं तर विकणाऱ्याने ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, अपडेट आलं की जाईल’ म्हणून सांगितलं तरी गाडी त्याच्या दारात परत नेऊन लावा.

‘इंजिन नाही, बिघडायला आहेच काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला मी गाडी मधल्या स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवायला सांगेन. मोटरच्या किंवा चाकाच्या बेअरिंगची खरखर शांत पार्किंगमध्ये लगेच ऐकू येते. बेल्ट असेल तर त्याच्या दात्यांना भेगा आहेत का बघायचं. साखळी असेल तर ती किती ताणली गेलीय ते. ब्रेकची गंमत अशी, की मोटर स्वतःच वेग कमी करत असल्याने पॅड कमी झिजतात, आणि वापर कमी म्हणून डिस्कवर गंज चढतो, कॅलिपर जाम होतो. मागच्या टायरवर मात्र मोटरचा पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून येतो, तो लवकर जातो. मडगार्डाच्या आतून, स्विंग आर्मजवळ जाणाऱ्या वायरिंगचं वेष्टण घासून तांबं दिसतंय का, हे हातात टॉर्च घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. काही गाड्यांत मोठ्या बॅटरीखेरीज एक १२ व्होल्टची लहान बॅटरीही असते. ती उतरली तर डॅशबोर्ड पेटत नाही आणि गाडी मेलेली वाटते. अशा ‘बंद’ गाड्या पडेल भावाने विकल्या जातात, आणि तोच दोष आहे की दुसरा हे ठरवायला साधा मल्टिमीटर पुरतो.

आणि पाणी. याबद्दल बोलताना लोक नुसतं ‘आयपी६७ आहे’ म्हणतात आणि विषय संपवतात. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी, तीही नव्या, अखंड सीलवर. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. तिथल्या पार्किंगांतल्या गाड्या अर्धा तास आणि एक मीटर या हिशेबात पाण्याखाली होत्या का? अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकायला जातात. तपासायची जागा बाहेरून दिसत नाही. सीट उचला, बॅटरीचा कप्पा उघडा, कनेक्टर सोडवून टोकं बघा. तांब्याच्या पिना चमकदार सोनेरी-तपकिरी हव्यात. त्यांवर हिरवट पांढरी भुकटी दिसली तर पाणी आत पोचलेलं आहे. स्क्रूच्या खाचांत, वायरिंगच्या पट्ट्यांखाली, कप्प्याच्या कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची बारीक रेघ राहते. पाइपने धुतलं तरी ती जात नाही. किनाऱ्यावरच्या गाडीत हीच भुकटी खाऱ्या हवेमुळेही येते. कारण कोणतंही असो, बॅटरीच्या जोडणीवर ती दिसली की गाडी नाकारायला मला दुसरं कारण लागत नाही.

आगीच्या भीतीबद्दलही थोडं. मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि तेव्हापासून ‘इलेक्ट्रिक म्हणजे पेटणारच’ हे वाक्य कायमचं झालं. त्यानंतर काय झालं ते कुणी सांगत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओकिनावाने ३,२१५ आणि ओलाने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक सुधारून कडक केलं गेलं; त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. जुनी गाडी घेणाऱ्याने यातून घ्यायचं ते साधं आहे. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतं, ते बघायचं. या तारखांनंतरची गाडी असेल तर पसंती तिला द्यायची. आधीची असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर देऊन, परत बोलावलेल्या गाड्यांत ती होती का आणि काम झालं का, हे विचारायचं. आणि बॅटरी कुठल्याही गल्लीतल्या दुकानात उघडून पेशी बदलल्याच्या खुणा दिसल्या, सील तुटलेलं, स्क्रू वेगळे, तर मग किंमत कितीही उतरवली तरी हात लावायचा नाही. आग लागण्याची भीती खरी तिथे आहे, सरसकट सगळ्या जुन्या गाड्यांत नाही.

कागदपत्रांबाबत ‘सगळं पेट्रोलच्या गाडीसारखंच’ असं सांगितलं जातं. बरंचसं तसं आहे: फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओत न्यायची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, परिवहनच्या संकेतस्थळावर नाव आणि इन्शुरन्स, थकलेली ई-चलनं. पण इलेक्ट्रिकमध्ये या यादीच्या पुढे जावं लागतं. कमाल २५ किलोमीटर वेगाच्या आणि २५० वॉटपर्यंतच्या दुचाकीला नोंदणी लागत नाही. या सवलतीचा फायदा घेऊन कंट्रोलर बदललेल्या, पन्नासने पळणाऱ्या गाड्या ‘पासिंगची कटकट नाही’ म्हणून गळ्यात मारल्या जातात. अपघात झाला तर नोंदणी नाही, विमा नाही, आणि जबाबदारी चालवणाऱ्याची. हिरव्या पट्टीवर नंबर नसलेली गाडी पंचवीसच्या वर जात असेल तर ती बेकायदा आहे. तिथे दुसरा विचार करायला नको.

बॅटरी विकणाऱ्याच्या मालकीची आहे का, हेही विचारा. हल्ली काही गाड्या बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेवर विकल्या जातात. गाडी माणसाची, बॅटरी कंपनीची, आणि भाडं थकलं की बॅटरी बंद. मूळ चार्जर सोबत आहे का, त्याच्यावरचा व्होल्टेज-अँपिअरचा आकडा बॅटरीशी जुळतो का, हे बघा. गाडी मोबाईलच्या ॲपला जोडलेली असेल तर मालकी ॲपवरही बदलून घ्या, पैसे द्यायच्या आधी, तुमच्यासमोर. नाहीतर जुन्या मालकाला तुमची गाडी कुठे उभी आहे ते दिसत राहील आणि काही गाड्यांत ती लांबून बंदही करता येईल.

डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा दर १८ टक्के केला, तेव्हा ‘पूर्ण किमतीवर अठरा टक्के’ अशी आवई उठली. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर आहे. एका माणसाने दुसऱ्याला थेट गाडी विकली तर तो लागत नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र असणं बंधनकारक आहे. ते मागा, आणि नसेल तर एजंटाच्या गोड बोलण्याला किंमत देऊ नका.

राहिली वॉरंटी. ‘अजून दोन वर्षं वॉरंटी आहे, टेन्शन कसलं?’ हे वाक्य ऐकून लोक निश्चिंत होतात. ती पुढच्या मालकाला मिळते का? त्यासाठी कंपनीकडे नावाची नोंद करावी लागते का? मधली एखादी सर्व्हिस चुकली असेल तर ती बाद होते का? क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर ती लागू होते? या प्रश्नांची उत्तरं विकणाऱ्याच्या तोंडून घ्यायची नसतात. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, चासी नंबर दाखवून, लेखी घ्यायची असतात. तिथेच नव्या बॅटरीची आजची किंमत आणि ती यायला लागणारे दिवसही विचारायचे. ज्या गाडीची बॅटरी कंपनीच सहा-सहा महिने देऊ शकत नाही, ती गाडी स्वस्त नाही. गाडी बनवणारी कंपनीच अडचणीत असणं हाही खरा धोका आहे. देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या नावांपैकी हीरो इलेक्ट्रिकवर डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. सर्व्हिस सेंटर उघडं आहे का, तिथे भाग मिळतात का, हे जाऊन बघायला अर्धा दिवस लागतो.

इतकं सगळं सामान्य माणसाने का करायचं, असा प्रश्न मला विचारला जातो. मीही तोच प्रश्न विचारतो, पण कंपन्यांना. गाडीतलं बीएमएस प्रत्येक गटाचा व्होल्टेज जाणतं, किती आवर्तनं झाली ते जाणतं, बॅटरी किती तापली ते जाणतं. हा आकडा गाडीतच आहे. सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपवर तो दिसतो. ज्याने लाख-दीड लाख मोजून गाडी घेतली त्या मालकाला, आणि जो आता पैसे मोजणार आहे त्या माणसाला, तो दाखवायला कंपनीची हरकत काय? युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमावलीत खरेदीदाराला बॅटरीच्या प्रकृतीची माहिती वाचता यावी अशी तरतूद केली, आणि फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होणार आहे. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली; म्हणजे मेलेल्या बॅटरीचा हिशेब ठेवायला आपण सांगितलं. जिवंत बॅटरीचा आकडा मालकाच्या हातात द्यायला मात्र कुणी भाग पाडत नाही. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था नव्या गाड्यांची रेंज तपासून प्रमाणित करते. जुन्या गाडीच्या बॅटरीचं प्रमाणपत्र सर्व्हिस सेंटरमधून ठरलेल्या फीमध्ये मिळणं यात अवघड काही नाही. ते आरसीच्या नावबदलाला जोडणं सक्तीचं करा, एजंटांचा निम्मा धंदा एका दिवसात सरळ होईल.

ते होईपर्यंत मीटर आपला आपणच लावायचा. विकणाऱ्याने एक रात्र गाडी मीटरवर लावू दिली नाही, घाटावर नेऊ दिली नाही, बॅटरीचा कप्पा उघडू दिला नाही, तर कारण काहीही सांगो, टोकन देऊ नका. ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ म्हणाला तर येऊ दे. आणि ज्याने हे सगळं करू दिलं, ज्याच्या गाडीचा आकडा नव्वद निघाला, त्याच्या गाडीवर पंचवीस-तीस हजार किलोमीटर आहेत, टाकीवर चरे आहेत, ‘इलेक्ट्रिक जुनी कोण घेतं’ असं शेजारचा मेकॅनिक म्हणतो, म्हणून त्याला भावात पाडू नका. त्याने गाडी नीट वापरली आहे, तुम्ही ते मोजून पाहिलं आहे. नव्वद टक्क्यांचे पैसे त्याला द्या.